बाईंच्या यादीतल्या खाणावळी

वॉटफर्डच्या हाय स्ट्रीटवर, एका बुटांच्या दुकानाशेजारी, छोटीशी ट्रॅव्हल एजन्सी होती. तिथं मी चौदा वर्षं टायपिस्ट होते. आमच्याकडून लोक स्पेनला जायचे, ग्रीसला जायचे, हात आखडता असला तर इथल्याच बोर्नमथच्या समुद्रावर. मी कुठंच जायचे नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या टाइप करायच्या आणि साडेपाचची बस पकडून घरी यायचं, एवढाच माझा प्रवास.

घरी सासूबाई होत्या. सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या आणि तीनच वर्षांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. खालच्या पुढच्या खोलीत आम्ही त्यांची कॉट लावली. नवऱ्याची स्लाऊच्या एका गोदामात दुपारची शिफ्ट असायची, त्यामुळे सकाळचं सगळं तो बघायचा. तो निघाला की कौन्सिलची मदतनीस दोन तास यायची, मग मुलगी शाळेतून यायची, मग मी. आमचं घर म्हणजे रिले रेस झालं होतं. बुधवारी तेवढी मदतनीस नसायची. पण बुधवारी हाय स्ट्रीटवर हाफ-डे असायचा, एकला शटर पडायचं, आणि मी पळत घर गाठायचे. त्या काळातलं मला काय आठवतं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पोटऱ्या दुखायच्या.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात टीव्हीवर रोज गर्दी दिसायला लागली. बर्लिनमध्ये लोक भिंतीवर चढले होते, प्रागच्या चौकात लोक किल्ल्या वाजवत उभे होते. मी कणीक मळता मळता ते बघायचे आणि विसरून जायचे. आमचे मालक मात्र विसरले नाहीत. गोल, गोरे, सतत घामेजलेले गृहस्थ होते ते. नवीन वर्ष लागल्यावर एका सकाळी हात चोळत माझ्या टेबलाशी आले.

"प्राग," ते म्हणाले. "कोचने. चार रात्री. ईस्टरनंतर सुरू करायचं. लोकांना आता तिकडं बघायचंय."

"तिथं काय आहे?" मी विचारलं.

"मला काय माहीत? पूल आहेत, किल्ला आहे. बिअर स्वस्त आहे. पण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न काय असतो? जेवायला काय मिळेल. एक चांगलं लीफलेट हवं. कुठला पदार्थ, कुठं खायचा."

आणि मग त्यांना त्या बाई आठवल्या.

बाईंना आम्ही दोघंही ओळखत होतो. सत्तरीच्या, उंच, करड्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या. दरवर्षी एकदा येऊन बोर्नमथचं तिकीट काढायच्या, आणि जाताना दारातल्या पोस्टरांकडे मिनिटभर बघत राहायच्या. त्या मूळच्या तिकडच्या, प्रागच्याच मुलखातल्या. अठ्ठेचाळीस साली तिथं कम्युनिस्टांनी सरकार उलटवलं तेव्हा नवऱ्याबरोबर रानातून चालत सीमा ओलांडून बाहेर पडल्या होत्या. नवरा वॉटफर्डच्या एका छापखान्यात लागला, बाई शाळेच्या किचनमध्ये. नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं. चाळीस वर्षांत त्या एकदाही परत गेल्या नव्हत्या, कारण जाऊ दिलं नसतं, आणि गेल्या असत्या तर येऊ दिलं नसतं.

मालकांनी विचारल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या. म्हणजे अगदी लगेच नाही. आधी खुर्चीवर बसल्या, हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"मी बोलते बरं," त्या म्हणाल्या, "पण माझं स्पेलिंग भयंकर आहे. कुणीतरी लिहून घ्यायला हवं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "बुधवारी दुपारी दुकान बंदच असतं," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी मला घरी जावं लागतं, हे मी त्यांना शंभर वेळा सांगितलं होतं. एकशे एकाव्यांदा सांगायची ताकद नव्हती. मी बाईंनाच म्हटलं, "तुम्हाला चालत असेल तर माझ्या घरी या. माझ्या सासूबाई आजारी आहेत, मला त्यांना सोडता येत नाही."

"चालत येईन," बाई म्हणाल्या. आणि खरोखरच चालत आल्या, बस असताना.

आम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचो. त्यांचं इंग्रजी तिकडच्या वळणाचं, माझं पुण्याच्या. पण ते बोलणं मला आठवतं ते मात्र मराठीत, आणि त्यात मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं.

पहिल्या बुधवारी मी ऑफिसचा जुना पोर्टेबल टाइपरायटर स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. बाई समोर बसल्या, ताठ, परीक्षेला बसल्यासारख्या. आणि डोळे मिटून सांगायला लागल्या.

पहिला पदार्थ स्वीच्कोवा. गोमांस गाजर, सेलरी आणि कांद्याबरोबर मुरवायचं, मंद शिजवायचं, मग त्या भाज्या गाळून त्याची साय घातलेली दाट, किंचित आंबट ग्रेव्ही करायची. वर लिंबाची चकती आणि आंबटगोड क्रॅनबेरी.

माझी बोटं थांबली. पलीकडच्या खोलीत सासूबाई होत्या. आमच्या घरात अंडं शिजायचं तेसुद्धा मुलीसाठी, वेगळ्या पातेल्यात.

बाईंनी डोळे उघडले. "तुम्ही खात नाही."

"नाही."

"मग नुसतं लिही. शब्दांना वास येत नाही," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटले.

खरं तर यायचा. त्यांच्या शब्दांना वास यायचा. बदक आणि कोबी, ख्रिसमसचा तळलेला मासा, दक्षिणेकडचं दह्यासारखं आंबट सूप ज्यात शेपू आणि अंडं घालतात, मोराविया प्रांतातल्या खसखस भरलेल्या गोड भाकऱ्या. प्रत्येक पदार्थाबरोबर एक खाणावळ. पुलाच्या डावीकडून दुसरी गल्ली, हिरवं दार, आत सिरॅमिकची शेगडी. मालकिणीच्या गालावर तीळ आहे. मी "आहे" असंच टाइप करायचे. तो तीळ चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, हे त्या दुपारी आम्हा दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाई सांगताना मला कोपरे दिसायचे, दारं दिसायची. आणि मी इतकी दमलेली असायचे की त्या सांगतील ते टाइप करणं हीच विश्रांती वाटायची.

तिसऱ्या बुधवारी बाई एक पिशवी घेऊन आल्या. आत बटाटे, गाजर, एका बरणीत वाळवलेले अळंबे. अळंबे त्यांनी स्वतः रानातून गोळा करून, दोऱ्यात ओवून वाळवलेले होते.

"आज बटाट्याचं सूप," त्या म्हणाल्या. "यात मांस नाही. हे तुला नुसतं लिहून कळणार नाही."

मी टाइपरायटर बाजूला सरकवला. माझ्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी माझ्यासाठी काही करतंय, असं किती वर्षांनी झालं होतं ते मला आठवेना. मी खुर्चीवर बसले. खरोखर बसले, पाठ टेकून. बाईंनी बटाटे चिरले, बटरवर पीठ खमंग भाजलं, लसूण ठेचला, अळंबे भिजवून घातले. पाण्याला उकळी फुटली तेव्हा पिशवीतून एक कागदी पुडी काढली आणि तळहातावर कसलातरी वाळका पाला घेऊन दोन्ही हातांनी चोळला.

मी उठून उभी राहिले.

तो मरवा होता. गजऱ्यात अबोलीबरोबर गुंफतात तो. मी बाईंच्या हाताशी नाक नेलं आणि हुंगलं. त्यांना वाटलं मला शिंक येतेय.

"हे आम्ही केसात घालतो," मी म्हटलं.

"केसात?" बाई त्या पाल्याकडे बघत राहिल्या. "सूपमध्ये नाही?"

"सूपमध्ये कुणी घालत नाही."

"वेडी माणसं," बाई म्हणाल्या, आणि पाला पातेल्यात टाकला.

वास घरभर झाला. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली, दप्तर जिन्यात टाकलं, आणि पुढच्या खोलीतून तिच्या मोडक्या मराठीत ओरडली, "आई, आजी काहीतरी बोलला!"

मी धावत गेले. सासूबाईंनी मान दाराकडे वळवली होती. तोंड वाकडं होत होतं, लाळ गळत होती, पण डोळे लख्ख होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"म...रवा," त्या म्हणाल्या.

पाच महिन्यांत मला कळलेला त्यांचा पहिला शब्द. नवऱ्याला कामावर फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "पुन्हा म्हणायला सांग ना." मी सांगितलं. पुन्हा काही त्या म्हणाल्या नाहीत. बाईंनी त्यांच्या उशाशी खुर्ची ओढली आणि चमच्याने सूप भरवलं. अर्धी वाटी गेली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, आणि त्या दुपारी त्याची अडचणही कुणाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आशेने तेच सूप गरम करून नेलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. रविवारी पुन्हा करून बघितलं, मरवा जास्त घालून. त्यांनी चमचा हाताने उडवला, सूप भिंतीवर गेलं, आणि मी गुडघ्यांवर बसून भिंत पुसली. मला वाटलं होतं आता हळूहळू बोलतील. तसं काही झालं नाही.

लीफलेट तयार झालं. दोन पानं, बारा पदार्थ, सहा खाणावळी. मालक खूश झाले. "हे कुठल्याच गाइडबुकात मिळणार नाही," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

पहिली कोच, लांब पल्ल्याची मोठी बस, ईस्टरनंतर गेली. मालकांनी बाईंना फुकट सीट देऊ केली होती. बाई म्हणाल्या, "गुडघे दुखतात." त्या रोज चार मैल चालायच्या.

कोच परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी भूगोलाचे निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ ऑफिसात आले. फार सभ्य. त्यांनी लीफलेट माझ्या टेबलावर उलगडून ठेवलं. सहा खाणावळींपुढे त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं. पहिली, आता बँक. दुसरी, दार खिळे मारून बंद. तिसरी, अशी गल्लीच नाही. चौथी, सरकारी कँटीन, चार वाजता बंद. पाचवी, मोटारीच्या टायरांचं दुकान. सहावीपुढे बरोबरची खूण होती, पण वेटरने सांगितलं होतं की बदक नाही, शेपूचं सूप नाही, डुकराचं कटलेट आहे.

"मी तक्रार करत नाही," शिक्षक म्हणाले. "आम्ही सगळे शोधत फिरलो, मजा आली. मला फक्त जाणून घ्यायचंय, हे लिहिणाऱ्या व्यक्तीने हे कधी बघितलं होतं?"

मी म्हटलं, "बऱ्याच दिवसांपूर्वी."

बाकीचे मात्र इतके सभ्य नव्हते. दोन फोन आले, एक पत्र आलं. मालकांनी कपाळ पुसलं आणि उरलेली लीफलेटं खोक्यात भरून मागे ठेवली. "तू सांग त्यांना," ते म्हणाले. "तुझी मैत्रीण आहे."

मी दोन बुधवार सांगितलं नाही. बाई यायच्या, आता लिहायचं काही नसलं तरी यायच्या, सासूबाईंजवळ बसायच्या, मला अर्धा तास झोपू द्यायच्या. मला त्या अर्ध्या तासाचा मोह होता, हेही खरं. शेवटी त्यांनीच विचारलं, "लोक काय म्हणाले?"

मी शिक्षकांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. खोटं बोलायला लागणारी शक्तीही शिल्लक नव्हती.

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट फिरवत वाचली. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. ती त्यांच्या स्वतःच्या गावची खाणावळ, त्यांच्या लग्नाचं जेवण जिथं झालं होतं ती.

"टायर," त्या म्हणाल्या.

 पलीकडे सासूबाई खोकल्या, मी जाऊन पाणी दिलं, परत आले, तरी बाई तशाच.

"मी माणसांना बँकेत जेवायला पाठवलं," त्या शेवटी म्हणाल्या. "वीस वर्षं मी शाळेत मुलांना वाढलं. एक मूल उपाशी गेलं नाही. आणि आता एक अख्खी कोच."

"ती उपाशी नव्हती हो, कटलेट खाल्लं त्यांनी."

"कटलेट!" बाई म्हणाल्या.

त्यांनी ठरवलं की कोचमधल्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं. मालक म्हणाले गरज नाही. शिक्षक म्हणाले गरज नाही. मीही म्हटलं, आणि माझं कारण अगदी स्वार्थी होतं, कारण मला दिसत होतं की ते कणीक-पीठ कोण मळणार आहे. पण बाईंना चर्चचा हॉल मिळाला, शनिवार ठरला, आणि एकतीस जणांनी हो कळवलं.

मांसाचं सगळं बाईंनी आपल्या फ्लॅटवर केलं. त्याचा माझ्या घराशी संबंध येऊ दिला नाही, आणि तसं त्यांना सांगावंही लागलं नाही. माझ्याकडे आले ते उंडे. यीस्ट घातलेली मैद्याची कणीक, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, हाताएवढे लांबट उंडे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. कोथिंबीर वडीचे उंडे आपण वाफवतो तसलेच, फक्त चौपट मोठे. आणि सुरीने कापायचे नाहीत. सुरीने चिकट होतात. त्यांच्याखालून शिवणाचा दोरा घालायचा, वर फास ओढायचा, की सुबक चकती पडते. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा मी काढला. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर बारा उंडे, शनिवारी सकाळी आणखी चौदा.

गोड म्हणून आलुबुखारचे गोळे. हे मात्र मला बघताक्षणी कळले. पिठाची पारी करायची, आत अख्खं आलुबुखार, बीच्या जागी साखरेचा खडा, तोंड बंद करायचं, उकडायचं. वर वाटलेली खसखस, पिठीसाखर आणि पातळ केलेलं बटर. माझे गोळे बाईंपेक्षा भरभर व्हायला लागले. नकळत मी एकाला वर नाक काढलं, पाकळ्या पाडल्या.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"सवय," मी म्हटलं.

"उकळताना फुटेल."

फुटलं. आलुबुखार बाहेर येऊन पाणी जांभळं झालं. आम्ही दोघी पातेल्यात बघत हसलो, आणि हसता हसता मला एकदम रडूच आलं. काही कारण नव्हतं. मी पहाटेपासून उभी होते, एवढंच. बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या पायातले बूट काढले. त्या खाली वाकल्या तेव्हा त्यांचे गुडघे कटकट वाजले. म्हणजे खरंच दुखत असावेत.

जेवण चांगलं झालं. सासूबाईंना नवऱ्याने व्हीलचेअरवरून आणलं. त्यांना वेगळं बटाट्याचं सूप ठेवलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. अर्धा गोळा खाल्ला आणि डाव्या हाताने टेबलावर लिंबाएवढं काहीतरी दाखवत राहिल्या. मुलीला कळलं. "लोणचा पाहिजे आजीला," ती म्हणाली. आलुबुखारच्या गोळ्याबरोबर लोणचं. ते आणलेलं नव्हतं.

भूगोलाच्या शिक्षकांनी तीनदा वाढून घेतलं. शेवटी ताट पुसून ते बाईंजवळ आले.

"मॅडम, चार दिवस आम्ही जे शोधत होतो ते इथं मिळालं," ते म्हणाले. "पुन्हा कधी यायचं?"

"येऊ नका," बाई म्हणाल्या. "मी दमले."

सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद केला. मी सिंकपाशी उभी होते, माझ्यापुढे एकतीस ताटं होती, आणि मला माहीत होतं की विनोद नव्हता.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बाईंनी स्वतः येऊन प्रागच्या कोचची सीट मागितली. मी कारण विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गेल्या, पाच दिवसांनी आल्या, आणि आल्यानंतरच्या बुधवारी माझ्याकडे. सासूबाई त्या आधीच्या जानेवारीत गेल्या होत्या. पुढच्या खोलीत कॉट अजून तशीच होती, आम्ही दोघी तिच्यावरच बसलो.

"मी गावी गेले," बाई म्हणाल्या. "टायर आहेत. चांगले टायर आहेत. आतली शेगडी काढलेली नाही, तिच्यावर टायर ठेवलेत."

"आणि जेवण?"

"प्रागमध्ये स्वीच्कोवा खाल्ला. गोड, पीठ लावलेला. मी वेटरला म्हटलं, हे असं नसतं. तो म्हणाला, आजी, हे असंच असतं, सगळीकडे एकच रेसिपी आहे, सरकारने ठरवलेली, मी लहानपणापासून हेच खातोय." त्यांनी खांदे उडवले. "त्याचं वय चाळीस. त्याचं बरोबर आहे. माझंच चुकलं."

मग त्यांनी भाचीची गोष्ट सांगितली. भाची त्यांनी कधी बघितलेली नव्हती, ती त्या देश सोडून आल्यानंतर जन्मलेली. तिने मावशीसाठी मोठं जेवण केलं. बाई दिवसभर काही न खाता गेल्या होत्या. भाचीने ताट समोर ठेवलं, त्यात अननस घातलेला पिवळा भात होता.

"ती म्हणाली, तुम्ही इंग्लंडहून आलात, तुम्हाला आमचं साधं जेवण कसं आवडणार. परदेशी पदार्थांचं पुस्तक आणून शिकली होती बिचारी. मी सगळं संपवलं. दुसऱ्यांदा घेतलं."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? तिने इतके कष्ट घेतले." बाई थोडा वेळ कॉटच्या लोखंडी दांडीवरून हात फिरवत राहिल्या. "एका जागी मात्र तीच चव मिळाली. स्टेशनवर. गुलाशचं, मांसाचं तिखट सूप आणि पाव, उंच टेबलाशी उभ्याने खायचं. अगदी तेच. मला वाटलं मला रडू येईल. पण पाय इतके दुखत होते की त्या टेबलाला टेकण्यातच सगळं लक्ष गेलं."

त्यांनी मला पुन्हा यादी सांगितली. या वेळी ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, मी दुसऱ्या दिवशी त्याच्यावर टाइप केली. दोन ठिकाणं. स्टेशनवरची सूपची खिडकी, आणि डोंगराकडच्या रस्त्यावरचं एक हॉटेल, जिथं आलुबुखारचे गोळे बरे मिळतात पण खसखस कमी घालतात. शेवटी बाईंनी एक वाक्य घालायला लावलं, "यापलीकडे या लिहिणाऱ्या व्यक्तीला माहिती नाही." मालकांनी ते वाक्य काढून टाकलं. मी छापायला देताना परत घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर तक्रारी आल्या नाहीत. त्यानंतर हळूहळू लोकही कमी यायला लागले, फोनवरून परस्पर बुकिंग करायला लागले. मालकांनी दुकान आवरतं घेतलं आणि मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात लागले. फायली काढायच्या, फायली लावायच्या. मुलगी नॉटिंगहॅमला शिकायला गेली. घर मोकळं झालं, आता विश्रांती मिळेल असं वाटलं होतं, पण इतक्या वर्षांचा थकवा एका रविवारी झोपून जात नाही, तो सावकाश, उलट्या क्रमाने बाहेर येतो. दोन वर्षं मी नुसती दमलेलीच होते.

बाई शेवटी त्याच हॉस्पिटलात आल्या, कंबरेचं हाड मोडून. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, माझं ऑफिस तळघरात. लंच ब्रेकला मी वर जायचे. त्या फार बारीक झाल्या होत्या, अंबाडा सुटलेला असायचा, तो मी बांधून द्यायचे. जेवणाचा ट्रे तसाच पडलेला असायचा. नर्स म्हणाली, त्या काही खात नाहीत, तुम्ही घरून काही आणलंत तर चालेल.

मला सूप करून नेता आलं असतं. अळंबे आणले होते, बटाटे घरात होते. पण सकाळी सहाला उठून ते सगळं करण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. आदल्या दिवशीचा वरणभात होता, तो मऊ कालवून, वर तूप सोडून डब्यात भरला आणि नेला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"आमचं. आजारी माणसाला देतो ते."

त्यांनी एक घास तोंडात घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. वीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये काढलेली बाई, तिच्या चेहऱ्यावर मला तपासणी दिसत होती.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मी शेजारच्या पेशंटच्या ट्रेवरून मिठाची पुडी मागून आणली. त्यांनी स्वतःच्या हाताने ती फाडली, अर्धी घातली, चमच्याने कालवलं, आणि डबा रिकामा होईपर्यंत खात राहिल्या. मी खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. ब्रेक संपून दहा मिनिटं झाली होती, तरी बसले.